अंतराळातले सुरुंग विज्ञानकथेतून काढून टाकावेत का?

ध्रुवमत्स्य

एका दिवाळी अंकासाठी आलेल्या विज्ञानकथा पहिल्या फेरीत वाचून काढायचं काम गेली तीन वर्षं मी करते. यंदा चार कथांमध्ये तोच प्रसंग आला. यान मंगळाकडे किंवा त्याच्याही पुढे निघालंय, आणि वाटेत शत्रूनं पेरलेले सुरुंग. गोल, काटेरी, तरंगणारे. वैमानिक जीव मुठीत धरून त्यांच्यामधून वाट काढते, एक सुरुंग फुटतो, यान हादरतं, आगीचा लोळ उठतो. चारही लेखकांनी बाकीची कथा जीव ओतून लिहिली आहे, म्हणून हे जास्तच खटकलं. माझं मत असं की हे हत्यार विज्ञानकथेत येऊच नये.

सुरुंग चालतो कुठे? वाट अरुंद असेल आणि दुसरी वाट नसेल, तिथे. १९१८ साली जर्मन पाणबुड्यांना अडवायला ब्रिटन आणि अमेरिकेनं ऑर्कनी बेटांपासून नॉर्वेपर्यंत सुमारे ७० हजार सुरुंग टाकले. अंतर ३७० किलोमीटरच्या आसपास. आता पृथ्वीभोवतीचा ४०० ते १,००० किलोमीटर उंचीमधला थर घ्या. त्याचं घनफळ येतं सुमारे ३७,७०० कोटी घन किलोमीटर. त्यात १० लाख सुरुंग सारखे पसरले तरी प्रत्येकाच्या वाट्याला ७२ किलोमीटर बाजूचा घन येतो. एक सुरुंग पुण्यात असेल, तर पुढचा लोणावळ्याच्याही पलीकडे. आणि ही फक्त पृथ्वीच्या अंगालगतची साय झाली. मंगळाच्या वाटेवर तर काय पेरणार? लघुग्रहांचा पट्टासुद्धा दाट आहे असं आपण समजत होतो. १९७२ च्या जुलैमध्ये पायोनियर १० हे यान त्यात शिरलं आणि सुखरूप बाहेर पडलं.

दुसरं म्हणजे स्फोट. तिथे हवा नाही, म्हणून धक्क्याची लाटही नाही. यान हादरायला काही तरी येऊन आदळावं लागेल.

आणि खरं तर ‘पेरणं’ हे क्रियापदच तिथे लागू होत नाही. पेरलेलं जागेवर राहतं. अंतराळात जागेवर काहीच राहत नाही.

दर्यावर्दी

ताई, हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. मी २६ वर्षं व्यापारी जहाजांवर काढली. सुरुंग किती जहाजं बुडवतो यावर त्याची किंमत ठरत नाही. किती जहाजं बंदरातून निघतच नाहीत, यावर ठरते.

व्हिएतनाममधल्या हायफाँग बंदराचं उदाहरण घ्या. ९ मे १९७२. अमेरिकेच्या विमानांनी बंदराच्या वाटेवर सुरुंग टाकले. किती? ३६. त्यांना ७२ तासांचं घड्याळ लावलं होतं, आणि हे जगाला जाहीर सांगितलं होतं: तोपर्यंत निघा, नंतर ते जागे होतील. काही जहाजं निघाली, बाकीची तिथेच अडकली, आणि बंदर महिनोन् महिने बंद पडलं.

त्याआधी १९५० च्या ऑक्टोबरमध्ये कोरियात वोन्सानला सुमारे ३ हजार सुरुंगांनी अख्खं आरमार बाहेर ताटकळत ठेवलं होतं. साफसफाई करताना दोन अमेरिकी सुरुंगशोधक जहाजं एकाच दिवशी बुडाली.

तुमच्या चार लेखकांची चूक सुरुंग घेतला ही नाही. त्यांनी यान सुरुंगांमधून नेलं, ही आहे. सुरुंगाची खरी कथा बंदरात थांबलेल्या माणसांची असते. एखाद्या कॅप्टनला विचारा, कंपनी म्हणते निघा, विमावाले म्हणतात जबाबदारी तुमची, आणि समोरचं पाणी रोजच्यासारखंच निळं दिसतंय.

माळरान

दर्यावर्दीकाकांशी सहमत. कथा वाचताना मी घनफळ मोजत बसत नाही. समोर काही तरी आहे आणि ते दिसत नाही, एवढी भीती मला पुरते. विज्ञान बिनचूक असलेल्या पण कुणाच्याच जिवाला काही होत नसलेल्या कथा मी पुष्कळ वाचल्यात, आणि त्या लक्षात राहिल्या नाहीत.

ध्रुवमत्स्य

माळरान, भीती मलाही हवी आहे. पण ती खोट्या जागेवर उभी केली की पुढच्या पानावर मी लेखकावर विश्वास ठेवत नाही. काका, हायफाँगला बंदर होतं, त्याला एक वाट होती. अंतराळात ती वाट कुठली?

त्रिज्या

मी भौतिकशास्त्र शिकवतो. ध्रुवमत्स्य यांचा ७२ किलोमीटरचा आकडा तपासला, बरोबर आहे. पण तो थांबलेल्या सुरुंगांचा आहे, आणि त्यांनीच पुढे म्हटलंय की तिथे काही थांबत नाही. मग हिशोब तिथेच का सोडायचा?

समजा सुरुंग १०० किलोचा आहे आणि फुटताना १ ग्रॅमचे १ लाख तुकडे उधळतो. १०० मीटरवर ते सव्वा लाख चौरस मीटरवर पसरतात, म्हणजे दर चौरस मीटरला जेमतेम एक. १ किलोमीटरवर १२६ चौरस मीटरला एक. म्हणून मारक अंतर १०० मीटर धरू. तुकडा एका ग्रॅमचा असला तरी समोरासमोरचा वेग सेकंदाला १० किलोमीटर धरला की त्याची ऊर्जा ५० हजार ज्यूल होते, रायफलच्या गोळीच्या साधारण १५ पट. या वेगाला किलोभर दगडसुद्धा १२ किलो टीएनटीइतकं काम करतो. स्फोटकाचं काम फक्त तुकडे पसरवण्याचं.

आता ते १० लाख सुरुंग याच वेगानं सगळ्या दिशांनी फिरताहेत. तो थर सरळ ओलांडून जाणाऱ्या यानाला साधारण एक मिनिट लागतं, आणि तेवढ्यात सुरुंगाच्या टप्प्यात येण्याची शक्यता २० हजारात एक. यानाला भ्यायचं कारण नाही, इथे ताईंचं खरं. पण त्याच थरात वस्तीला असलेलं स्थानक घ्या. त्याच्यावर सरासरी दर १४ दिवसांनी एक सुरुंग येतो.

जाणारा सुटतो, राहणारा मरतो. समुद्राच्या अगदी उलट. आणि हा निष्कर्ष कुठल्याच कथेत मला वाचायला मिळालेला नाही.

माळरान

त्रिज्या सर, दर १४ दिवसांनी. हे वाचून अंगावर काटा आला. आकडे नकोत असं मी म्हटलं होतं, तेवढे शब्द मागे घेतो.

गडवाट

भौतिकशास्त्रातलं फार कळत नाही, पण शब्दाबद्दल एक सांगू का? समुद्रात टाकतात त्या वस्तूला आपण सुरुंग म्हणायला लागलो ते फार नंतर. मूळ सुरुंग भिंतीखालचा. १६६० मध्ये शायिस्ताखानानं चाकणला वेढा घातला, फिरंगोजी नरसाळ्यानं पावणेदोन महिने किल्ला लढवला, आणि शेवटी बुरुजाखाली भुयार खणून दारू ठासली तेव्हा वाट मोकळी झाली. बुरुज जागचा हलू शकत नव्हता म्हणून ते जमलं. त्रिज्यांचं स्थानक म्हणजे तोच बुरुज, असं मला वाटलं.

त्रिज्या

अगदी तेच. स्थानकाला थोडंफार हलता येतं, इंधन असेल तोवर. कथेत मी ते इंधन मोजत बसलेला माणूस दाखवीन.

पुनर्वसू

वरच्या चर्चेत एक गोष्ट सुटली. असा सुरुंग होऊन गेलाय. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत संघानं कॉसमॉस २४८ हे लक्ष्य सोडलं आणि मागोमाग कॉसमॉस २४९ व २५२ त्याच्याजवळ नेऊन फोडले. पेरणी नाही, पाठलाग. लक्ष्याच्याच कक्षेत जायचं, जवळ यायचं आणि तुकडे उधळायचे. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी क्षेपणास्त्र-कवचाची योजना जाहीर केली, तेव्हाच्या वादात ‘स्पेस माइन’ हा शब्द याच अर्थानं यायचा: शत्रूच्या उपग्रहाला सावलीसारखा चिकटून फिरणारा आणि आदेशाची वाट पाहणारा. १९६७ च्या अंतराळ कराराने कक्षेत अण्वस्त्रं आणि सर्वसंहारक शस्त्रं ठेवायला बंदी घातली, साध्या स्फोटकांना नाही.

ताई, तुम्ही वाट कुठली असं विचारलंत. भूस्थिर कक्षा ही वाट आहे. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवरची एकच रेघ, लांबी २ लाख ६५ हजार किलोमीटर. टीव्हीचे बहुतेक आणि हवामानाचे पुष्कळ उपग्रह तिथेच बसवतात.

ध्रुवमत्स्य

भूस्थिर कक्षेचा मुद्दा मान्य. माझ्याकडून सुटला होता. पण पाठलाग करणाऱ्याला सुरुंग का म्हणायचं? तो सावकाश चालणारा बाण आहे. शिवाय सुरुंग लपलेला हवा. अंतराळात लपणार कसा? पृथ्वीच्या अंतरावर उन्हात तरंगणारी काळी वस्तू ५-६ अंश सेल्सियसपर्यंत तापते, आणि मागचं आकाश उणे २७० अंशांचं. जवळच्या कक्षेतली १० सेंटिमीटरची वस्तूही आज रडारच्या नोंदीत असते.

पुनर्वसू

दूरवर लपता येतं. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला दगड सुमारे २० मीटरचा होता. तो सूर्याच्या दिशेकडून आला आणि आधी कुणालाच दिसला नाही.

पण जवळच्या कक्षेत लपायची गरजच नसते. २०१४ च्या मे महिन्यात रशियानं तीन दळणवळण उपग्रह सोडले. त्यांच्याबरोबर गेलेल्या चौथ्या वस्तूची नोंद कचरा म्हणून झाली. मग तो कचरा कक्षा बदलायला लागला आणि नोव्हेंबरमध्ये स्वतःच्याच रॉकेटच्या उरलेल्या टप्प्याजवळ जाऊन पोहोचला. त्याला पुढे कॉसमॉस २४९९ म्हणू लागले. तो सुरुंग होता असं मी म्हणत नाही. दिसत सगळ्यांना होता, पण तो काय आहे हे कुणाला सांगता येत नव्हतं, एवढंच म्हणतो. २०२३ च्या जानेवारीत १,१६९ किलोमीटर उंचीवर त्याचे ८५ तुकडे मोजले गेले. मला या विषयातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट हीच वाटते: हजारो मेलेले उपग्रह फिरताहेत, आणि त्यातला एक मेलेला नाही.

माळरान

ही कथा कुणी लिहिणार असेल तर मी अंकाचे पैसे आगाऊ भरतो.

दर्यावर्दी

एक विषय राहिला आणि मला तो सगळ्यात जवळचा आहे. सुरुंग काढायचे कुणी?

१९०७ च्या हेग करारात एक कलम आहे. नांगर नसलेला सुरुंग टाकायचा असेल, तर तो टाकणाऱ्याच्या ताब्याबाहेर गेल्यावर फार तर एका तासात निकामी झाला पाहिजे. भर समुद्रात भरकटणारा सुरुंग शत्रू ओळखत नाही, हे तेव्हाच्या माणसांना ठाऊक होतं. हायफाँगचे सुरुंग १९७३ मध्ये पॅरिस करारानुसार अमेरिकेच्याच नौदलाला साफ करावे लागले.

कक्षेत फुटलेला सुरुंग कोण साफ करणार? २०१९ च्या मार्चमध्ये आपण मिशन शक्तीत उपग्रह पाडला तो मुद्दाम ३०० किलोमीटरच्या आसपास, तुकडे लवकर खाली यावेत म्हणून. तरी काही वर फेकले गेलेच. चीननं २००७ मध्ये ८६५ किलोमीटरवर फोडलेल्या उपग्रहाचे ३ हजारांहून जास्त तुकडे नोंदवले गेले आणि त्यातले पुष्कळ अजून फिरताहेत. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये रशियानं स्वतःचा जुना उपग्रह फोडला, तेव्हा अंतराळ स्थानकावरच्या माणसांना परतीच्या कुप्यांमध्ये जाऊन बसावं लागलं. त्यात रशियाची स्वतःची माणसंही होती.

ताई, म्हणून माझं म्हणणं उलट आहे. हे हत्यार कथेतून काढू नका. ते नीट लिहायला सांगा.

ध्रुवमत्स्य

काका, ‘काढून टाका’ हे मी मागे घेते. पण मंगळाच्या वाटेवरच्या काटेरी गोळ्यांबद्दल माझं मत तेच आहे, आणि त्या चार कथा आहेत त्या रूपात मी पुढे पाठवणार नाही.

मात्र चौघांनाही पत्र लिहिते आहे. एका कथेतली वैमानिक तिसऱ्या पानावर एका स्थानकावर इंधन भरायला थांबते आणि चौथ्या पानावर सुरुंगांत शिरते. तिला त्या स्थानकावरच ठेवता येईल का, असं विचारणार आहे. ७२ तासांचं घड्याळ सुरू झालंय, परतीच्या कुपीत जागा तिघांची आणि माणसं पाच.

त्रिज्या

लेखकाला कक्षेचा हिशोब लागला तर मला कळवा. रात्री दहानंतर मोकळा असतो.