मदत हवी आहे: हरिपाठानंतर मंदिरात रक्तदाब आणि मधुमेहाविषयी कसे बोलावे?

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या आमच्या गावी विठ्ठल मंदिरात रोज सायंकाळी हरिपाठ होतो. ग्रामसभेकडे न फिरकणारी माणसेही इथे न बोलावता येतात. म्हणून आठवड्यातून एकदा, आरती झाल्यावर, दहा-पंधरा मिनिटे रक्तदाब व मधुमेहाची माहिती द्यावी, असे आम्हा भजनी मंडळातील काही जणांच्या मनात आहे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यायला तयार आहेत.

सर्वांत अवघड विषय एकादशीच्या उपवासाचा आहे. मंडळातील काही ज्येष्ठ सकाळी मधुमेहाची गोळी घेतात आणि दिवसभर निरंकार राहतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने पोटात अन्न नसताना साखर एकदम उतरते, दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात, आणि ते अशक्तपणावर ढकलले जाते. उलट फराळाला साबुदाण्याची खिचडी व रताळी भरपूर झाली की साखर चढते. उपवासाआधी डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घ्या, एवढेच आम्हाला सांगायचे आहे. पण त्यातून ‘उपवास सोडा’ असा अर्थ निघाला, तर पुढचे कोणी ऐकणार नाही. रक्तदाबाचेही तसेच: आकडा 140/90 च्या खाली आला की ‘गोळीची सवय नको’ म्हणून गोळी बंद होते.

लॉस एंजेलिसमधील केशकर्तनालयांत कृष्णवर्णीय पुरुषांसाठी झालेला प्रयोग वाचून मला धीर आला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 52 दुकानांतील 319 नेहमीची गिऱ्हाईके होती. जिथे औषधनिर्माते (फार्मासिस्ट) दुकानातच येऊन उपचार करीत, तिथे सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी 27 ने उतरला. जिथे नाभिकांनी फक्त सल्ला दिला, तिथे सुमारे 9 ने. म्हणजे नुसते भाषण पुरत नाही, मोजणी आणि औषधही तिथपर्यंत यावे लागते, असे मी समजतो.

मोजणी मात्र सभामंडपात सर्वांसमोर नको. कोणाचा आकडा किती, याची चर्चा दुसऱ्या दिवशी पारावर झालेली मला चालणार नाही. शिवाय गावातील बौद्ध आणि मुस्लिम कुटुंबे या मंदिरात येत नाहीत. त्यांच्यासाठी विहारात व मशिदीत तिथल्याच माणसांनी हे काम सुरू करावे, की शाळेत सर्वांना एकत्र बोलवावे? मंडळाच्या नावाने चूर्ण-काढे विकू पाहणाऱ्यांना कसे रोखावे, हाही प्रश्न आहेच.

ज्यांच्या गावी मंदिरात किंवा दिंडीत असे काम झाले आहे, त्यांनी कृपया सांगावे: उपवासाचा विषय कीर्तनकारांनी काढला की डॉक्टरांनी, आणि नेमक्या कोणत्या शब्दांत? गाडगे महाराज श्रोत्यांनाच प्रश्न विचारून बोलते करीत, ती पद्धत इथे वापरावी असे मला वाटते. आषाढी एकादशीच्या आधी पहिले बोलणे व्हावे, अशी इच्छा आहे.