'मराठीत कुत्र्याशी गोड बोलताच येत नाही' म्हणे!

माळवद (परभणी):
कालच्या एका पोस्टनं डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितो. संभाजीनगरच्या एका ताईंनी आपल्या लॅब्रॅडॉरचा फोटो टाकला: 'माझा फ्लूफी डॉगो बघा, काय ब्लेप दिलाय, स्नूटवर बूप करावंसं वाटतं.' स्नूट म्हणजे नाक, त्याला बोट लावलं की बूप, जीभ बाहेर राहिली की ब्लेप, पाय पसरून पालथा पडला की स्प्लूट. खेळा की, कोण अडवतंय? पण खाली लिहितात, 'आपल्याकडं कुत्रा म्हणजे शिवी, मराठीत असं गोड बोलताच येत नाही.' आणि त्यावर बदामांचा पाऊस!

ताई, कधी शेतातल्या आखाड्यावर मुक्कामाला या. अंधारात नुसतं 'यूऽ यूऽ' केलं की ज्वारीच्या पिकातून कुत्रं पळत येतं. मोत्या, टिप्या, वाघ्या, काळ्या, बांड्या ही नावं ऐकली नाहीत का? घरच्या गणेशला गण्या म्हणायचं त्याच मायेनं टिप्या म्हणायचं. आमच्या आजीनं तव्यावरची शेवटची भाकरी कधी माणसाला दिली नाही. 'माझं लेकरू उपाशी हाय' म्हणायची ती काळ्यालाच. यापेक्षा गोड काय बोलायचं असतं?

निराला_बाजार:
काका, आजीबद्दल आदर आहेच. पण त्याच गावात 'हाड' म्हणून दगड मारणारेही होते की! मी गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालते, म्हणून सांगते. गल्लीतल्या कुत्र्याला लाडानं 'डॉगेश भाई' म्हणणाऱ्या रील्स आल्यापासून आमच्या गल्लीतली पोरं दगड मारायची थांबलीत. आता त्याच कुत्र्याला 'भाई' म्हणून पारले देतात. शब्दानं फरक पडतो.

आणि हे सगळं परदेशी श्रीमंतांचं खूळ नाही. २०१३ ला जगभर गाजलेलं ते कुत्र्याचं मीम 'डोज', म्हणजे जपानची काबोसू, पिल्लांचा धंदा करणाऱ्यांकडून सुटलेली, आसऱ्याला आलेली कुत्री होती. तिच्या मालकिणीनं २०१० मध्ये ब्लॉगवर टाकलेला साधा फोटो होता तो. ती मे २०२४ मध्ये गेली तेव्हा मी खरंच रडले.

उदगीरची_बाभळ:
डॉगो, पपर चालू द्या. पण आमच्या लातूरच्या कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याचं नाव इथं एकानंबी काढलं नाही, याचं दुःख हाय. कमरेला बारीक, छातीला खोल, सुटला की बाण. कानाला अन् शेपटीला रेशमी झालर असली की पश्मी. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या सांभाळायलेत. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, तेव्हापासून राखणीला बसलाय बिचारा. आणि नाव कुणाचं झालं? कर्नाटकातल्या मुधोळचं! तिकडं ह्याच कुत्र्याला मुधोळ हाउंड म्हणतेत. २००५ ला टपाल तिकीट मुधोळ हाउंडचं. २०२० ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं, तेबी मुधोळचंच. देवणी अन् लाल कंधारी जनावरांची नोंद झाली, उस्मानाबादी शेळीची झाली, कारवानीनंच काय घोडं मारलं?

जतचा_माळ:
उदगीरकर, हे रडगाणं दरवेळी वाचतो. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात जोपासली, इंग्लंडच्या राजाला जोडी नजर केली असं सांगतात. घोरपडे मराठेच ना? कर्नाटक सरकारनं तिम्मापूरला संशोधन केंद्र काढलं. तुम्ही काय केलं? बाजारात पिल्लं विकली.

उदगीरची_बाभळ:
तोंड सांभाळून बोला. आमच्या घरातलं एक पिल्लू आजवर विकलं नाही, पाहुण्यारावळ्यात दिलंय. तुमच्या राजानं पाळायच्या आधीबी आमच्या तांड्यांवर हे कुत्रं होतंच. केनेल क्लब ऑफ इंडिया आजबी त्याला 'कॅराव्हान हाउंड'च म्हणतो. मुधोळ त्यांच्या वहीत नाही.

जतचा_माळ:
एका क्लबच्या वहीत नाही, दुसऱ्याच्या वहीत आहे. पण केंद्र काढायला लातूरकरांनी मागणी लावून धरली नाही, हे तरी कबूल करा.

उदगीरची_बाभळ:
मागणी करून काय होतंय ते मराठवाड्याच्या माणसाला शिकवू नका. पाण्यासाठी रेल्वे मागवावी लागली आम्हाला, २०१६ ला.

बीड_बायपास:
तुम्ही जाती मोजत बसा. माझ्या भाच्याला शाळेतून येताना चावलं. तालुक्याच्या दवाखान्यात लस होती, पण जखमेत द्यायचं ते सीरम नव्हतं. रात्री जिल्ह्याला पळवलं. जखम पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायची, हे आम्हाला शेजारच्या म्हातारबानं सांगितलं. तारखेवर सगळे डोस पुरे केले म्हणून सुटलो. त्या 'भाई'वाल्या रील्स बघितल्या की अंगाचा तिळपापड होतो. पंधरा-पंधराच्या टोळीनं फिरणारा भाई नसतो.

निराला_बाजार:
दादा, भाच्याचं वाचून वाईट वाटलं. पण दोष कुत्र्याचा की नसबंदी न करणाऱ्या पालिकेचा? भटक्या कुत्र्यांच्या २०२३ च्या नियमात स्पष्ट आहे, पकडा, नसबंदी करा, लस द्या, तिथंच सोडा. मी स्वतः रिक्षात घालून कुत्र्या नेल्यात.

बीड_बायपास:
सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलंय, शाळा, दवाखाने, बसस्थानकं इथली उचला आणि तिथं परत सोडू नका. तेही वाचा. रिक्षात नेल्याबद्दल मात्र तुम्हाला मानलं. एवढंच.

माजलगाव_धरण:
या भाषेची दुसरी बाजू सांगतो. डिसेंबर २०२१, आमच्या तालुक्यातलं लऊळ. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, उंच घरांवर नेऊन सोडायची. लोकं पिल्लं उतरवायला चढायचे, पडून जायबंदी व्हायचे. वन विभागानं दोन वानरं पकडली तवा कुठं शांत झालं. आणि जग काय करायलं होतं? 'मंकी विरुद्ध डोज' म्हणून खिदळायलं होतं. त्याच काबोसूचं तोंड चिकटवून! बाया लेकरांना दारात खेळू देईनात, अन् इकडं मीमचा पूर. लाडाच्या शब्दात माणूस दिसंनासा होतो, राग त्याचा हाय.

निराला_बाजार:
हे मला माहीत होतं, मीही तेव्हा ते मीम बघून चिडले होते. पण ज्यांनी थट्टा केली त्यांना ना कुत्र्याचं प्रेम होतं ना माणसाचं. शब्दांवर कशाला खापर? आणि माळवदकाका, टिप्या-बांड्याचं तुमचं पटलं, त्या ताईंचं 'येतच नाही' हे वाक्य चुकलंच. पण नाकाला बोट लावण्याला तुमच्याकडं शब्द आहे का?

माळवद (परभणी):
नाही. हवा असेल तर 'बूप' घ्या, बारकं आहे, तोंडात बसतं. पण टिप्याला डॉगो म्हणायला लावू नका, तो वळून बघायचा नाही.

उदगीरची_बाभळ:
उद्या आमच्या पश्मीचा फोटो टाकतो. बूप करा, ब्लेप म्हणा, काहीबी म्हणा. खाली कुणी मुधोळ लिहिलं तर बघा.

जतचा_माळ:
टाका. शेपटीचा फोटो बाजूनं घ्या, मग ठरवू.