बेळगावचा 'तरुण भारत' आणि आपण: अनुभव लिहा

१९१९ साली बाबूराव ठाकूर यांनी बेळगावात 'तरुण भारत' सुरू केला. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली १९२४ चं काँग्रेस अधिवेशन बेळगावात भरलं, तेव्हा हे वृत्तपत्र जेमतेम पाच वर्षांचं होतं. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, पण अंक मराठीतच निघत राहिला आणि सीमालढ्याची बाजू मांडत राहिला. (नागपूरचा 'तरुण भारत' वेगळा, बाहेरच्यांचा हमखास घोळ होतो.) आमच्या भागात मराठी टिकली ती शाळेइतकीच या अंकामुळे, असं मला मनापासून वाटतं. सीमाभाग असो, गोवा असो की तळकोकण, तुमच्या घरचं सांगा.

खानापूर तालुका: आमची आजी आधी निधनवार्ता वाचायची, मग पहिलं पान. घरोघरी फोन नव्हते, त्यामुळे 'रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी' एवढ्या ओळीवर कुणी जायचं ते ठरायचं. अक्षरओळख नसलेल्या शेजारणी दारात येऊन विचारायच्या, "नंदगडचं कोण गेलंय काय बघ की गं." आजी सगळी नावं, गल्लीसकट, मोठ्यानं वाचायची. मयताला माणसं जमायची ती त्या वाचनामुळे. पेपरची ताकद मी तिथं पाहिली.

शहापूर (बेळगाव): माझी शाळा कन्नड माध्यमाची. मराठी वाचायला बाबांनी याच पेपरवर शिकवलं. आधी मथळे, मग क्रीडापान. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या (सीमाभाग म्हैसूर राज्यात घातल्याच्या निषेधाच्या) फेरीची बातमी मात्र ते स्वतः वाचून दाखवायचे.

सावंतवाडी: आंबोली घाटात दरड कोसळली की त्या काळी पेपर दुपारी यायचा. तोवर स्टँडवर एकच चौकशी, "पेपर इलो काय?" गावच्या जत्रेची चार ओळींची बातमी आली, तरी कात्रण देवळात लावायचे.

डिचोली: घरात आम्ही कोंकणीच बोलतो, वाचतो मात्र मराठी. गोव्याबाहेरच्यांना हे नवल वाटतं, आम्हाला त्यात वेगळं काही दिसत नाही.

बेळगाव, सध्या पुणे: आता मोबाईलवर वाचते. जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाचे अंक काकांनी ट्रंकेत जपलेत, पण घड्यांवर कागद फाटायला लागलाय. ते नीट स्कॅन करून देणारं बेळगावात कुणी माहीत असेल तर इथंच कळवा. त्या वर्षाचे आणखी अंक कुणाकडे असतील तर तेही सांगा, एकदमच करून घेऊ.