खडीची खाण बंद होताना जमीन पूर्ववत करायची कशी आणि खर्च कोणी उचलायचा?

बांधावरचा: आमची एक एकर जमीन खडी क्रशरसाठी भाड्याने दिली असून करार संपायला चौदा महिने उरले आहेत. खड्डा सरासरी वीस फूट खोल आहे. वरचा सहा फूट मुरूम, त्याखाली काळा खडक. पहिल्या वर्षी काढलेली माती बांधाला ढीग करून ठेवली होती, तिच्यावर आता बाभळी उगवल्या आहेत. करारात ‘जमीन पूर्ववत करून देणे’ एवढेच लिहिले आहे. कंत्राटदार तोंडी ‘भरून देतो’ म्हणतात. त्यांच्याकडून नेमके काय लिहून घ्यावे?

दगडूशेतकरी: दादा, आधी ब्रास मोजा; एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. वीस फुटांनी गुणले की ८,७१२ ब्रास होतात. पाच ब्रासच्या हायवा डंपरने सुमारे १,७४० खेपा, आणि खेपेला दीड हजार धरले तरी सव्वीस लाखांच्या वर. कोणीही एवढे भरून देत नाही, त्यामुळे ते आश्वासन सोडून द्या. मातीचा ढीग ६० फूट लांब, २५ रुंद, ८ उंच असला, तर उताराचा विचार करता साठ ब्रासच भरेल; फूटभर थर द्यायचा म्हटले तर साडेपाच गुंठे. म्हणून खालचा खड्डा पाण्यासाठी राहू द्या आणि खर्च फक्त काठावर करा. मुरमाची उभी कड दीडास एक उताराने (दीड फूट आडवे, एक फूट उभे) कापली, तर चारही बाजूंनी मिळून जवळपास सव्वादोनशे ब्रास निघतो. त्याच मुरमाचा आत उतरायला रस्ता करून घ्या. माती उतारावर पसरा, कुंपण मात्र चुकवू नका.

सातबारा: यात एक भर. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालानंतर पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजांच्या (खडी, मुरूम, वाळू वगैरे) खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागते. तिच्या अटींत खाण बंद करण्याविषयी काय लिहिले आहे, ते परवानगीच्या प्रतीत पाहा; प्रत कंत्राटदाराकडे मागा, नाहीतर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर शोधा. त्या अटी परवानाधारकावर असतात, तुमच्यावर नाहीत. आणि ‘फुकट भरून देतो’ म्हणून कोणी शहराचा कचरा आणला तर नाही म्हणा. खडकाच्या भेगांतून त्या कचऱ्याचे पाणी शेजारच्या विहिरीत उतरते.

कोरडवाहू: अटी कागदावर राहतात, हे मी भोगले आहे. आमच्या कंत्राटदाराने शेवटच्या आठवड्यात क्रशर उचलला आणि नंतर फोन घेणे बंद केले. काम नंतर करू म्हणणाऱ्याला आता पैसे बाजूला काढायला लावा: उरलेल्या काळात निघणाऱ्या दर ब्रासमागे ठरावीक रक्कम दोघांच्या सहीच्या खात्यात, आणि शेवटचे भाडे काठाचे काम मोजून झाल्यावरच. यंत्रे जागेवर आहेत तोवर पोकलेनचा खर्च त्यांना फारसा जाणवत नाही. एकदा गेली की तोच पोकलेन तुम्हाला तासाच्या भाड्याने आणावा लागतो.

बांधावरचा: आभारी आहे. आज टेपने ढीग मोजला: ४८ फूट लांब, २० रुंद, ७ उंच, म्हणजे जेमतेम ३४ ब्रास. कंत्राटदारांना सोमवारी बोलावले आहे.