सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा विषय, परत एकदा

नेहा (सी-६०३): सेक्रेटरी साहेब, साडेसातलाच नळ कोरडे?? काल दोन टँकर आलेले ना, मग पाणी गेलं कुठे? मुलं बिनआंघोळीची शाळेत गेली. मी ऑफिसला कशी जाऊ ते तरी सांगा

सेक्रेटरी: नमस्कार. सर्व सभासदांना नम्र विनंती, कृपया संयम ठेवावा. महापालिकेचं पाणी काल जेमतेम चाळीस मिनिटं आलं, तेही प्रेशरशिवाय. तिसरा टँकर सांगितला आहे. वॉचमनला फोन करू नये, टँकर तो चालवत नाही.

शिंदे काका (ए-५०१): मीटर बसवा. प्रत्येक फ्लॅटला. दोन एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभांमध्ये, बोललोय, मिनिट्समध्ये आहे.

रोहित (बी-१०४): शेजारी दोन टॉवर झाले, लाइन तीच. परवानगी देताना पाणी कुठनं आणणार हे कोणी विचारतच नाही का? माझं मत सरळ आहे, दुसरं बोअर मारा आणि विषय संपवा

कुलकर्णी काका (ए-२०२): रोहित, विचारतात, कागदावर. मी नोकरीभर पाणीपुरवठ्याचीच कामं केली. धरणाचा साठा धरायचा तर पुढच्या ५० वर्षांचा, पाइपलाइन ३० वर्षांची, पंप १५ वर्षांचे, असे आडाखे असतात. गोची अशी की आडाखा बांधतात त्या शहराचा, पुढे हद्दीत आसपासची गावं येतात, चार मजल्यांच्या जागी बावीस होतात आणि जमिनीखालचा पाइप काही वाढत नाही. मग नवीन धरण मागायचं, म्हणजे खालच्या शेतकऱ्याच्या वाट्यातलं घ्यायचं. बरं आणलेलंही सगळं पोचत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच शहरांत तिसरा हिस्सा किंवा जास्तच पाणी गळतं नाहीतर हिशोबात लागत नाही. टोकियोची गळती ३ टक्क्यांच्या आसपास आहे. नुसती गळती काढली तरी कितीतरी शहरांना नवीन धरण मिळाल्यासारखं होईल.

रोहित (बी-१०४): काका टोकियो राहू द्या, आपल्याच बी विंगची टाकी पहाटे तासभर ओव्हरफ्लो होती. व्हिडिओ आहे माझ्याकडे

मिलिंद (ट्रेझरर): मग व्हिडिओ काढण्याऐवजी पंप बंद करायचा होता ना भाऊ 🙂

रोहित (बी-१०४): पंपरूमची किल्ली कमिटीकडे असते 🙂

प्राची (सी-३०२): गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवा असं मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय. एवढा पाऊस सरळ गटारात जातो. चेन्नईने २००३ सालीच सगळ्या बिल्डिंगना सक्ती केली

मिलिंद (ट्रेझरर): आणि २०१९ला त्याच चेन्नईचे चारही तलाव आटले. रेल्वेने पाणी आणलं ताई

प्राची (सी-३०२): हो, आणि त्याआधी २०१५ला तेच शहर पुरात बुडालं होतं. म्हणजे पाणी आलेलं, ठेवायला जागा नव्हती. तळी, पाणथळ जागा बुजवून घरं बांधली. नियम केला म्हणजे झालं असं नसतं, पाइप कचऱ्याने तुंबलेत का ते दरवर्षी बघावं लागतं. आपल्या शोषखड्ड्यावर कोणाची बाईक असते ते सगळ्यांना माहीत आहे

समीर (बी-४०५): नाव घेऊन बोला. आणि बाईक स्टँडवर असते, खड्ड्यावर नाही

शिंदे काका (ए-५०१): पुन्हा टाकतोय. मीटर. दोन माणसांचा फ्लॅट आणि सात माणसांचा फ्लॅट, मेंटेनन्स सारखा. कोण कशाला वाचवेल पाणी?

आजोबा (बी-२०१): 🌹 शुभ सकाळ 🌹 जल है तो कल है. हा मेसेज दहा जणांना पाठवा.

नेहा (सी-६०३): पाठवते आजोबा, हात धुवायला पाणी आलं की

कुलकर्णी काका (ए-२०२): प्राचीताई, मुद्दा बरोबर आहे पण आकडा मांडू. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. तिन्ही विंगची गच्ची मिळून हजार चौरस मीटर धरा, पाऊस ७०० मिमी, वाया जाणारं सोडून हाती ५ लाख ६० हजार लिटर. आपले १२० फ्लॅट, ४८० माणसं, माणशी १३५ लिटरच्या सरकारी मापाने रोज ६४,८०० लिटर. म्हणजे वर्षभराचा पाऊस आपण नऊ दिवसांत संपवतो. करायचंच, जमिनीत मुरवायचंच, पण त्याने टँकर बंद होईल असं समजू नका.

प्राची (सी-३०२): नऊ? मला निदान दोन महिने वाटलेले

कुलकर्णी काका (ए-२०२): इमारत उंच झाली की माणसं वाढतात, गच्ची तेवढीच राहते. आता दुसरी बाजू बघा. त्या १३५ मधले ४५ लिटर फ्लशचे धरतात. ४८० माणसांचे रोज २१,६०० लिटर, वर्षाचे जवळपास ७९ लाख. गच्चीच्या चौदापट. आणि तेवढं सांडपाणी आपण रोज तयार करतोच, दुष्काळ असो नसो. सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट (एसटीपी) आहे, फ्लशसाठी वेगळी अशी दुहेरी लाइन टाकलेली आहे. बिल्डरने हँडओव्हर दिल्यावर थोडे दिवस चालवून तो बंद ठेवलाय आणि फ्लशला आपण टँकरचं पाणी ओततोय.

नेहा (सी-६०३): बंद ठेवलाय कारण वास येतो. तो सी विंगच्या खिडकीखाली आहे, ए विंगच्या नाही. हे ग्रुपवर लिहायला सोपं असतं

मिलिंद (ट्रेझरर): झालं सुरू

कुलकर्णी काका (ए-२०२): वास प्लांट बंद ठेवल्यानेच येतो. ब्लोअर थांबला की हवा मिळत नाही, घाण खाणारे जिवाणू मरतात आणि साचलेलं सडतं. तासातासाने चालू-बंद करून वीज वाचवायला गेलो तिथेच घोळ झाला. सिंगापूर २००३ पासून प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणखी शुद्ध करून पुरवतंय, त्यातलं थोडं पिण्याच्या साठ्यातही सोडतात. आपल्याला नुसतं फ्लशला हवंय.

रोहित (बी-१०४): आणि बोअर? त्याला काय प्रॉब्लेम आहे

कुलकर्णी काका (ए-२०२): खाली कठीण खडक आहे, पाणी फक्त भेगांत. तू खोल गेलास की शेजारचे टॉवर आणखी खोल जातील. एकाच माठात दहा नळ्या घातल्याने माठ मोठा होत नाही.

शिंदे काका (ए-५०१): मीटर असता तर बोअरची वेळच आली नसती. एक नळ सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला वीसेक लिटर जातं. आमच्या वरच्या फ्लॅटचा फ्लश वर्षभर वाहतोय, मला रात्री ऐकू येतो.

ए-६०१: काका, दुरुस्त केलाय तो. सारखं ग्रुपवर का टाकता, वर या ना

शिंदे काका (ए-५०१): कधी केला? काल रात्रीपण ऐकला.

समीर (बी-४०५): पाणी वाचवा म्हणणाऱ्यांपैकी एक जण रविवारी पाइप लावून गाडी धुतात, तेही सांगा आता

मिलिंद (ट्रेझरर): माझं म्हणत असशील तर ते बोअरचं पाणी असतं

समीर (बी-४०५): वा. बोअरचं पाणी कमिटीसाठी वेगळं वर येतं वाटतं 😂

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टीका टाळावी. टँकर गेटवर आलेला आहे. टाकी भरायला तास लागेल.

नेहा (सी-६०३): धन्यवाद. पण हे रोजचं झालंय. केपटाऊनमध्ये २०१८ला माणशी ५० लिटरची मर्यादा घातलेली आणि लोकांनी वापर बराच कमी केला, नळ बंद व्हायची वेळ टळली. आम्ही पण मर्यादा पाळू, फक्त तिन्ही विंगला सारखं असू दे

शिंदे काका (ए-५०१): सारखं आहे का ते कळायला मीटर लागतो. म्हणून पुन्हा टाकतोय.

मिलिंद (ट्रेझरर): काका, प्रत्येक फ्लॅटला पाण्याच्या चार-पाच उभ्या लाइन आहेत. किचनची वेगळी, प्रत्येक बाथरूमची वेगळी. म्हणजे फ्लॅटमागे तेवढे मीटर. कोटेशन काढलं होतं, तुम्हीच महाग म्हणालात

शिंदे काका (ए-५०१): मी तेव्हाच्या कंपनीला महाग म्हणालो. मीटरला नाही.

कुलकर्णी काका (ए-२०२): आधी विंगनिहाय तीन मीटर लावा, गच्चीच्या टाकीखाली. कुठली विंग किती वापरते ते महिनाभरात दिसेल. ज्या विंगचा आकडा रात्री दोन ते चार चढतो तिथे गळती, कारण त्या वेळी कोणी आंघोळ करत नाही.

रोहित (बी-१०४): माझी नाइट शिफ्ट असते काका

कुलकर्णी काका (ए-२०२): तुझी एक बादली वजा करू.

सेक्रेटरी: तीन मीटरचं कोटेशन मागवतो. एसटीपी बघायला रविवारी दहा वाजता जमू, ऑपरेटर येणार आहे. प्रत्येक विंगमधून किमान दोघे. फ्लशची लाइन कुठे तोडून साध्या लाइनला जोडली आहे तेही त्याच वेळी तपासू, कारण एसटीपी सुरू केल्यावर त्याचं गढूळ पाणी किचनच्या नळाला आलं तर जबाबदारी कमिटीची.

मिलिंद (ट्रेझरर): येणाऱ्यांनी मास्क आणावा, झाकण उघडणार आहोत

नेहा (सी-६०३): सी विंगवाले विनामास्क येतील. सवय आहे