शब्दचर्चा : संघटित धर्म, पंथ, संगत, पंगत... आणि धर्म न मानणाऱ्यांना शीख परंपरा का पटते

अक्षरयात्री :
नमस्कार मंडळी. एक लेख लिहितेय आणि शब्दांवर अडलेय. ऑर्गनाइज्ड रिलिजनला मराठीत नेमकं काय म्हणायचं? ‘संघटित धर्म’ पुष्कळदा वाचलाय पण तो वाचताना संघटित कामगार आठवतात, आणि ‘संस्थात्मक धर्म’ म्हटलं की सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं होतं. विषय असा की माझ्या ओळखीत बरीच माणसं अशी आहेत जी पूजा करत नाहीत, सत्यनारायणाला जात नाहीत, मुलांच्या मुंजी केल्या नाहीत, पण हीच माणसं अमृतसरला किंवा नांदेडला गेली की लंगरमध्ये (गुरुद्वाऱ्यातल्या मोफत जेवणाच्या पंगतीत) बसतात, दोन तास पोळ्या लाटतात आणि परत येऊन सांगतात की हा धर्म असेल तर मला चालेल. अशा माणसाला काय म्हणू? नास्तिक, अश्रद्ध, संशयवादी, अज्ञेयवादी? आणि तिसरं, पेपरात कधी ‘शीख धर्म’ येतं कधी ‘शीख पंथ’, त्यातलं बरोबर कुठलं?

प्रश्नचिन्ह :
ताई, ‘धर्मसंस्था’ हा आपला रुळलेला शब्द आहे की, तोच घ्या, ‘संघटित धर्म’ सरळसरळ भाषांतर आहे. माणसासाठी ‘संशयवादी’ ठीक. ‘संशयात्मा’ मात्र नको, ‘संशयात्मा विनश्यति’ मुळे त्याला शापाचा वास येतो. अज्ञेयवादी म्हणजे देव आहे की नाही हे कळूच शकत नाही असं म्हणणारा, आणि अश्रद्ध म्हणजे श्रद्धाच नसलेला. तुमची ती पोळ्या लाटणारी मंडळी या दोन्हीत बसत नाहीत असं दिसतंय, त्यांचं भांडण देवाशी कमी आणि देवाच्या दलालांशी जास्त आहे.

गोदाकाठ :
नांदेडचा आहे त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे हुजूर साहिब गुरुद्वारा म्हणजे रोजच्या रस्त्यावरचं ठिकाण. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली इथेच गेले आणि जाण्यापूर्वी यापुढे माणूस गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू असं सांगून गेले. संशयवाद्याला हे का पटतं ते यातच आहे बघा, गादीवर पुढचा बाबा बसण्याची वाटच बंद केली त्यांनी. त्याआधी मसंद म्हणून गुरूंचे प्रतिनिधी असायचे, गावोगावचं दान गोळा करायचे, ते मधल्यामध्ये खायला लागले तर गोविंदसिंगांनी ती व्यवस्थाच मोडून काढली. आज ‘ग्रंथी’ म्हणतात तो पुरोहित नाही हे मराठी वाचकाला आवर्जून सांगा, ग्रंथी म्हणजे ग्रंथ वाचणारा आणि सांभाळणारा, तो कुठल्या जातीत जन्मावा लागत नाही आणि तो नसला तर संगतीतली (जमलेल्या भाविकांतली) कुणीही बाई किंवा माणूस ग्रंथ वाचू शकतो.

आता शब्दांकडे येतो. पंगत हा शब्द आपलाही आहे आणि त्यांचाही, दोन्ही ‘पंक्ती’ वरून आलेले. पण आपल्याकडे या शब्दाभोवती काय काय उगवलं ते बघा: पंक्तिभेद, पंक्तिप्रपंच, पंक्तिबाह्य, पंक्तिपावन. सगळे शब्द कुणाला बसू द्यायचं आणि कुणाला उठवायचं याचेच! आणि त्यांच्याकडे त्याच शब्दाची म्हण झाली ‘पहले पंगत पाछे संगत’, म्हणजे गुरूला भेटायचं तर आधी खाली सगळ्यांबरोबर रांगेत बसून जेवा. गुरू अमरदासांच्या काळातली ही रीत, अकबर बादशहासुद्धा भेटायला आला तेव्हा पंगतीत बसला असं परंपरा सांगते. शब्द एकच पण दोन समाजांनी त्याचा दोन दिशांना वापर केला, मला हे फार मोठं वाटतं.

‘लंगर’ फारसी आहे, मूळ अर्थ जहाजाचा नांगर, आणि सूफींच्या खानकाहमधल्या (मठातल्या) मोफत अन्नछत्रालाही लंगरच म्हणायचे. मराठीत लंगर म्हणजे लोखंडी साखळी, खंडोबाचा लंगर तोडतात तो हाच. त्यामुळे लेखात पहिल्यांदा लंगर येईल तिथे अर्थ द्या, आमच्या आजीच्या पिढीला लंगर म्हटलं की जेजुरी आठवते.

लुधियानाकर :
नोकरीमुळे बरीच वर्षं पंजाबात आहे, रोज पंजाबी कानावर पडते, म्हणून थोडी भर घालतो.

संशयाचा विषय निघालाय तर गुरबाणीतला (गुरू ग्रंथ साहिबमधल्या रचनांमधला) संशयाचा शब्दच बघा ना. तो आहे ‘सहसा’. आपल्या मराठीत सहसा म्हणजे बहुतेक वेळा, संस्कृतात एकाएकी, पण गुरबाणीतला सहसा ‘संशय’ पासून आलाय. गुरू अमरदासांच्या ‘आनंद साहिब’ या रचनेत ओळ आहे, ‘करमी सहजु न ऊपजै विणु सहजै सहसा न जाइ’. इथे करम म्हणजे कर्मकांड. कर्मकांडानं सहजावस्था येत नाही आणि सहजावस्थेवाचून संशय जात नाही. मराठी माणूस पहिल्यांदा वाचताना ‘सहसा न जाइ’ चा अर्थ ‘शक्यतो जात नाही’ असा लावतो आणि सगळं फसतं. आता बघा, संशय घेऊ नकोस, नरकात जाशील असं यात म्हटलेलंच नाही. संशय आहे हे धरून चाललेत आणि तो विधी करून फिटणार नाही असं स्वतः गुरूच सांगतायत. जो माणूस आयुष्यभर ‘असं विचारायचं नसतं’ ऐकत मोठा झालाय त्याला ही ओळ वाचून केवढं मोकळं वाटत असेल! हा संशय देव आहे की नाही असा आधुनिक संशय नाही, मनाची घालमेल, द्विधा अशा अर्थाचा आहे, तेवढी मर्यादा सांभाळून लिहा.

दुसरा शब्द खुद्द ‘धर्म’. गुरू नानकांच्या ‘जपजी साहिब’ या रचनेत पाच खंड येतात, धरम खंड, गिआन खंड, सरम खंड, करम खंड आणि सच खंड. धरम खंड त्यात पहिला आहे, म्हणजे पायरी म्हणून सगळ्यात खालचा, कर्तव्य कळण्याची जागा. शेवटचा सच खंड. आपल्याला सचखंड म्हटलं की नांदेड-अमृतसर एक्सप्रेस आठवते पण नाव तिथून आलंय. आणि नानकांची आणखी एक ओळ इथे जो तो सांगतो, ‘सचहु ओरै सभु को उपरि सचु आचारु’, सगळं सत्याच्या खाली, पण सत्याच्याही वर सत्याचं आचरण. तू काय मानतोस यापेक्षा तू कसा वागतोस हे वर ठेवलं की न मानणाऱ्यालाही त्या घरात उभं राहायला जागा मिळते.

पंथ की धर्म याबद्दल: इथे शीख लोक ‘पंथ’ फार अभिमानानं वापरतात, खालसा पंथ, पंथाचं हित वगैरे, तिथे पंथ म्हणजे सगळा शीख समाज मिळून. मराठीत पंथ म्हटलं की नाथपंथ, महानुभाव पंथ, म्हणजे एखाद्या मोठ्या धर्माची फांदी असं वाटतं. त्यामुळे मराठीत ‘शीख पंथ’ लिहिलं तर शीख वाचकाला आपल्याला कुणाची तरी शाखा म्हणतायत असं वाटू शकतं, आणि राज्यघटनेच्या कलम २५ मधल्या स्पष्टीकरणावरून (त्यात ‘हिंदू’ या शब्दात शिखांनाही धरलंय) हा वाद जुना आहे. धर्म म्हणायचं तिथे शीख धर्म म्हणा, समाज म्हणायचा तिथे पंथ.

वाचनवेडी :
सगळं वाचलं, छान आहे, पण एक बाजू राहतेय आणि लेखात ती आली नाही तर लेख लंगरच्या फोटोंसारखा होईल. शीख धर्म धर्मसंस्था नाही असं कुणी लिहू नये, तो अतिशय संघटित आहे. गुरुद्वाऱ्यांचा कारभार बघणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी आहे, १९२५ चा गुरुद्वारा कायदा आहे, तुमच्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी तर १९५६ चा वेगळा कायदा आहे. १९४५ ची रहत मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता आहे, त्यात शीख कुणाला म्हणायचं याची व्याख्यासुद्धा आहे आणि दुसरा कुठलाही धर्म मानत नाही ही अट त्या व्याख्येतच आहे. अकाल तख्ताकडून (शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाकडून) हुकूमनामा, म्हणजे धार्मिक आदेश निघतो, चुकला त्याला ‘तनखैया’ ठरवतात. (तनखा आपल्याकडे पगार, तिथे तनखाह म्हणजे धार्मिक शिक्षा, हाही तुमच्या यादीत घ्या.) २०२४ मध्ये पंजाबच्या माजी उपमुख्यमंत्र्यांनाच तनखैया ठरवलं आणि त्यांनी गळ्यात पाटी घालून सुवर्णमंदिरात सेवा केली, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं.

आणि जात? गुरूंनी नाकारली पण गावांतून गेली नाही. मझहबी, म्हणजे दलित, शिखांचे वेगळे गुरुद्वारे, वेगळी स्मशानं पंजाबात आहेत. दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, आत बायकांना कीर्तन करायला मिळावं म्हणून २०१९ मध्ये पंजाब विधानसभेला ठराव करावा लागला. ग्रंथ समानता सांगतो म्हणून संस्था आपोआप तशी होत नाही, हे आपण वारकऱ्यांच्या इतिहासातूनही शिकलोय. पर्यटक म्हणून जेवून येणारा संशयवादी हे बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तिथल्या बायका आणि दलित शीख हीच भांडणं वर्षानुवर्षं आतून लढतायत.

लुधियानाकर :
वाचनवेडी ताई, एकूण एक मुद्दा मान्य. फक्त त्यात १९२० ची एक गोष्ट जोडतो कारण मला वाटतं अक्षरयात्री यांच्या मूळ शब्दाचं उत्तर तिथेच आहे. त्या काळी गुरुद्वारे महंत आणि पुजाऱ्यांच्या ताब्यात होते. १२ ऑक्टोबर १९२० ला अस्पृश्य मानलेल्या जातींतून नव्यानं शीख झालेली माणसं जालियनवाला बागेतल्या सभेतून कडाह प्रसाद (शिऱ्यासारखा प्रसाद) घेऊन दरबार साहिबला आली आणि पुजाऱ्यांनी प्रसाद घ्यायला नकार दिला. वाद वाढला तेव्हा ठरलं की ग्रंथालाच विचारू. ग्रंथ उघडला तर जी ओळ निघाली तिचा भाव असा की गुणहीनांनाही तो स्वतः क्षमा करतो आणि सेवेला लावतो. प्रसाद स्वीकारावा लागला, अकाल तख्ताचे पुजारी जागा सोडून निघून गेले, आणि पुढच्याच महिन्यात प्रबंधक कमिटी उभी राहिली. पुजाऱ्यांकडून गुरुद्वारे सोडवायला पुढे पाच वर्षं गेली, ननकाना साहिबला फेब्रुवारी १९२१ मध्ये महंताच्या माणसांनी कितीतरी निःशस्त्र शीख मारले.

म्हणजे पुरोहितशाही हटवायला संघटनाच लागली! म्हणून माझं मत, तुमची ती मंडळी ज्याला कंटाळलीत ते संघटन नाही. लंगर संघटनाशिवाय एक दिवस चालणार नाही, पीठ कुठून येणार, भांडी कोण घासणार, हिशेब कोण ठेवणार. त्यांना नको आहे ते माणूस आणि देव यांच्यामध्ये जन्मानं किंवा गादीनं बसलेलं कुणीतरी. त्याला मराठीत ‘पुरोहितशाही’ हा सुंदर नेमका शब्द आहे. इंग्रजीतून विचार सुरू केला की दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या जातात.

गोदाकाठ :
लुधियानाकर दादा, अगदी! आणि हे मराठी माणसाला परकं नाही हे सांगायला नामदेव आणाच. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातलं एक, ‘हिंदू पूजै देहुरा मुसलमाणु मसीति, नामे सोई सेविआ जह देहुरा न मसीति’. देऊळ नाही मशीद नाही अशा ठिकाणी जो आहे त्याची सेवा नाम्यानं केली. दुसऱ्या पदात तो विचारतो की एका दगडावर भाव ठेवायचा आणि दुसऱ्यावर पाय, हा दगड देव असेल तर तोही देवच की. इतकं रोखठोक बोललेलं पद धर्मग्रंथात ठेवायचं आणि त्याच ग्रंथापुढे सगळ्यांनी माथा टेकायचा!

‘देहुरा’ म्हणजे देऊळ हे मराठी वाचकाला लगेच कळेल. तिसऱ्या एका पदात देवळातून हात धरून उठवल्याचं दुःख आहे, ‘हीनड़ी जाति मेरी जादिम राइआ’, आणि तिथेच देऊळ फिरल्याची कथा येते, जी आपण औंढा नागनाथची म्हणून सांगतो. नामदेवांच्या नावाशी जोडलेलं घुमान पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यात आहे, २०१५ चं साहित्य संमेलन तिथेच झालं होतं. एकच गोष्ट ध्यानात ठेवा, हुजूर साहिबच्या काही रीती अमृतसरपेक्षा वेगळ्या आहेत, इथे दिवे लावून आरती होते, गुरू ग्रंथ साहिबबरोबर गुरू गोविंदसिंगांच्या नावाच्या दसम ग्रंथाचाही प्रकाश होतो, म्हणजे तोही उघडून मांडतात. तेव्हा शीख म्हणजे विधी अजिबात नाहीत असं वाक्य टाकू नका, नांदेडचा वाचक लगेच धरेल.

प्रश्नचिन्ह :
‘नास्तिक’ शब्दाबद्दल राहिलंच होतं. शीख घरातला नास्तिक म्हटलं की भगतसिंग. लाहोरच्या तुरुंगात १९३० मध्ये नास्तिकतेवर जो निबंध लिहिला त्यात ते स्पष्ट म्हणतात की केस राखायला लागलो होतो तरी शीख किंवा कुठल्याच धर्माच्या पुराणकथांवर आणि तत्त्वांवर विश्वास बसला नाही. खुशवंतसिंग स्वतःला अज्ञेयवादी म्हणायचे पण पगडी आणि दाढी शेवटपर्यंत ठेवली आणि शिखांचा इतिहासही लिहिला. म्हणजे समाजाचा भाग असणं आणि ईश्वर मानणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणारे त्यांच्यात आधीपासून आहेत.

आणि डॉ. आंबेडकर विसरू नका. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला होता, १९३६ मध्ये अमृतसरच्या शीख परिषदेला गेले, मुंबईचं खालसा कॉलेज १९३७ चं, त्याच्या उभारणीशी त्यांचा संबंध आहे. शेवटी १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. इतका कठोर चिकित्सक माणूस या दारापर्यंत आला होता, आणि आत गेला नाही, दोन्ही गोष्टी लिहा.

अक्षरयात्री :
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते असं: ‘संघटित धर्म’ काढते, संस्थेबद्दल बोलायचं तिथे धर्मसंस्था आणि मधल्या माणसांबद्दल बोलायचं तिथे पुरोहितशाही. माणसासाठी संशयवादी. शीख धर्म आणि खालसा पंथ असे वेगळे वापरते. वाचनवेडीचा भाग पूर्ण घेते, सुरुवातीलाच, खाली तळटीप म्हणून नाही. शेवटचं एक, ‘शीख’ की ‘शिख’? दोन्ही दिसतात.

गोदाकाठ :
एकटा शब्द असेल तर ‘शीख’, शब्द अकारान्त असला की शेवटून दुसऱ्या अक्षरातला (उपान्त्य) इकार दीर्घ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व, शिखांचा, शिखांना. सामासिक शब्दात शीखच ठेवा, शीख समाज. आणि मूळ ‘शिष्य’ की ‘शिक्ष्’ यावर दोन मतं देतात पण पंजाबीत सिक्खणा म्हणजे शिकणं, तेव्हा शिकणारा हा अर्थ बिनधास्त द्या.