पुढच्या सत्राचं वेळापत्रक: तीन दिवसांत कोंबू की पाच दिवस पसरू?

तळटीप:
नमस्कार. मी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सत्राची विषयनोंदणी सोमवारी उघडतेय. दोन वेळापत्रकं मांडून ठेवली आहेत, पण निर्णय होत नाहीये.

विषय ठरलेत. संभाव्यता आणि गणितीय विश्लेषण प्रत्येकी चार क्रेडिट, प्रोग्रॅमिंग तीन, त्याचं प्रॅक्टिकल एक, अर्थशास्त्र तीन, भाषाविज्ञान तीन. एकूण 18.

पहिल्या वेळापत्रकात सगळं सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी बसतं. बुधवार, शुक्रवार पूर्ण मोकळे. पण मंगळवार सकाळी 8 ते संध्याकाळी 5, मध्ये 1 वाजता फक्त अर्धा तास सुट्टी. दुसऱ्यात पाचही दिवस जावं लागतं. संभाव्यतेचा तास सोमवार ते गुरुवार रोज 8 ला, विश्लेषण 11 ला, मधले दोन तास रिकामे. शिवाय त्यात प्रॅक्टिकल गुरुवारी 3 ते 5 आहे आणि भाषाविज्ञानाचा एकमेव वर्ग गुरुवारीच 4 ते 7. म्हणजे सरळ क्लॅश. शुक्रवारची प्रॅक्टिकलची बॅच भरली आहे.

वर्गातले जवळजवळ सगळे पहिलंच घेतायत. तुम्ही काय कराल?

रिकामा_बाक:
पहिलं घे. मी गेली दोन सत्रं असंच केलं आणि असाइनमेंट कधी मागे पडल्या नाहीत. फक्त मोकळ्या दिवशी सकाळी ठरलेल्या वेळेला लायब्ररीत जाऊन बसायचं. घरी थांबलं की दुपार कधी होते कळत नाही.

खडूची_पेटी:
तळटीप, मी शिकवतो आणि आमच्या विभागाच्या टाइमटेबल कमिटीत बरीच वर्षं आहे. दर सत्राआधी विद्यार्थी येतात ते ‘कोणता दिवस मोकळा मिळेल’ हे विचारायला. माझी कळकळीची विनंती आहे की तो प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा.

आधी तासांचा हिशेब करा. तुमचे वर्गातले तास 19 होतात, कारण प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट असलं तरी ते दोन तास खातं. लेक्चरच्या प्रत्येक तासामागे घरी दोन तास, हा क्रेडिट पद्धतीत सर्रास धरला जाणारा अंदाज. म्हणजे लेक्चरच्या 17 तासांमागे 34. त्यात प्रॅक्टिकलचं जर्नल लिहायला दोन तास धरा. आठवड्याचं काम झालं 55 तासांचं. हे जास्त वाटत असेल तर युरोपातली ईसीटीएस ही क्रेडिट मोजायची पद्धत बघा. तिथे वर्षाची 60 क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे वर्ग, अभ्यास, परीक्षा सगळं धरून 25 ते 30 तास. वर्षाचे 1500 ते 1800 तास. 18 क्रेडिट हा पूर्ण वेळचा उद्योग आहे, कोणत्याही वेळापत्रकात मांडलात तरी.

आता तुमचा मंगळवार बघू. साडेआठ तास वर्ग. संभाव्यता सलग दोन तास, लगेच विश्लेषण दोन तास, मग अर्थशास्त्र, अर्धा तास सुट्टी, प्रोग्रॅमिंग आणि शेवटी प्रॅक्टिकल. संभाव्यतेत सकाळी सिग्मा-बीजगणिताची व्याख्या फळ्यावर आली आणि ती डोक्यात बसली नाही, तर त्यावर विचार करायला दुसऱ्या दिवसापर्यंत सवड नाही. तोवर वर आणखी चार विषयांचा थर साचलेला असतो. हेच चार तास चार दिवसांत विभागले, तर आज अडलेलं उद्या 8 ला विचारता येतं. हे नुसतं माझं मत नाही. अभ्यास अंतराअंतराने केला तर जास्त टिकतो हे हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, आणि नंतरच्या संशोधनात ते पुन:पुन्हा सिद्ध झालं. गणिताच्या विषयांत हे मी दर वर्षी बघतो. बॅकलॉग राहतो तो बहुतेक वेळा हुशारीच्या कमतरतेने नाही, दोन तासांमध्ये श्वास घ्यायला जागा नसल्याने.

सकाळच्या 8 चं मात्र खरं दुखणं आहे. विशीच्या आसपास शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं, तो आळस नव्हे. रात्री 2 ला झोपणाऱ्याने रोज 8 चा तास घेऊ नये. पण तुमच्या दोन्ही वेळापत्रकांत 8 आहेच, त्यामुळे त्यावर अडू नका. झोपायची वेळ मात्र आत्तापासून मागे आणायला लागा.

राहिला क्लॅश. इथे आतली गोष्ट सांगतो, कारण मुलं चुकीच्या खिडकीवर जाऊन नकार घेऊन परततात. वेळापत्रक करताना आम्ही प्रॅक्टिकल आधी बसवतो, कारण लॅब मोजक्या. मग एकाहून जास्त विभागांची मुलं असलेले विषय. भाषाविज्ञानासारखे इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, सर्वांत शेवटी, उरलेल्या जागेत. एक तास हलवायचा तर शिक्षक, खोली आणि त्या वर्गातली सगळी मुलं एकाच वेळी मोकळी हवीत. म्हणून ‘भाषाविज्ञान दुसऱ्या दिवशी घ्या’ ही मागणी मान्य होत नाही. वेळापत्रक बसवण्याचा प्रश्न गणिती दृष्टीनेही अवघड वर्गातला आहे. इव्हन, इताई आणि शमीर यांनी 1976 मध्येच तो एनपी-पूर्ण, म्हणजे ज्यांना झटपट सोडवायची रीत कुणालाच सापडलेली नाही अशा प्रश्नांपैकी, असल्याचं सिद्ध केलं. त्यामुळे ‘जमत नाही’ हे उत्तर नेहमी अनास्थेतून येत नाही.

पण प्रॅक्टिकलची बॅच बदलणं तुलनेने सोपं. सगळ्या बॅचना त्या आठवड्यात सहसा तोच प्रयोग असतो. शुक्रवारच्या बॅचमधला एक विद्यार्थी गुरुवारी यायला तयार झाला की अदलाबदल होते, एकूण संख्या तीच राहते. असा विद्यार्थी शोधा, दोघांच्या सह्यांचा अर्ज लिहा आणि नोंदणी उघडण्याआधी लॅबच्या प्रभारी शिक्षकांकडे द्या. ऑफिसात नको, तिथे ते अधिकार नसतात.

रात्रपाळी:
सर, मुद्दे पटले, पण सगळ्यांना निवड असते असं नाही. मी बुधवारी आणि शुक्रवारी नोकरी करतो, फी त्यातून जाते. माझ्यासाठी तीन दिवसांचं वेळापत्रक हा एकच मार्ग आहे. शिवाय ज्याला येण्याजाण्यात दिवसाचे तीन तास लागतात, त्याने पाच दिवस यायचं म्हणजे आठवड्याचे सहा तास जादा रस्त्यावर.

खडूची_पेटी:
रात्रपाळी, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. नोकरी असेल तर दिवस तिच्याभोवतीच बसणार. तरीही एक सांगतो. तुमच्या नोकरीचे दोन दिवस धरले तर अभ्यासाचे 36 तास उरलेल्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवारवर येतात. ते मावत नाहीत. अशा वेळी 18 ऐवजी 14 क्रेडिट घ्यायला लाजू नका. फक्त कमी करताना कोणता विषय सोडता ते नीट बघा. जो पुढच्या विषयाची पूर्वअट आहे आणि वर्षातून एकदाच शिकवला जातो, तो सोडला की पुढची साखळीच वर्षभर मागे जाते. संभाव्यता सोडली तर अनुमानशास्त्र अडतं, ते अडलं की रिग्रेशन. अर्थशास्त्र पुढच्या सत्रात घेतलं तर काही बिघडत नाही.

तळटीप, तुम्हीही एक बघून ठेवा. काही कॉलेजांत लेखी परीक्षेची वेळ लेक्चरच्या वेळेवरून ठरते. तसं तुमच्याकडे असेल, तर संभाव्यता आणि विश्लेषण एका दिवशी येतात का ते आत्ताच तपासा.

तळटीप:
सर, खूप आभार. परीक्षेचं तपासलं, संभाव्यता आणि विश्लेषणात दोन दिवसांचं अंतर आहे. माझं येणंजाणं वीस मिनिटांचं, नोकरीही नाही, त्यामुळे पाच दिवसांचं घेते. शुक्रवारच्या बॅचमधली एक जण गुरुवारी यायला तयार झाली, तिलाही शुक्रवार दुपार मोकळी हवीच होती. अर्ज उद्या सकाळी देते. 9 ते 11 च्या रिकाम्या वेळात संभाव्यतेची उदाहरणं तिथल्या तिथे सोडवायची ठरवलं आहे.

एकच विचारायचं राहिलं. अर्ज नोंदणीआधी मंजूर झाला नाही, तर गुरुवारची बॅच घेऊन ठेवू की भाषाविज्ञान?

खडूची_पेटी:
सिस्टीम क्लॅश असताना दोन्ही घेऊ देणार नाही, म्हणून आधी भाषाविज्ञान घ्या. त्याचा एकच वर्ग आहे, ती जागा गेली की गेली. प्रोग्रॅमिंगचं लेक्चरही लगेच नोंदवा. प्रॅक्टिकल सक्तीचं आहे, त्यामुळे विभागाला तुम्हाला कुठल्या ना कुठल्या बॅचमध्ये घ्यावंच लागेल. फेरबदलाची मुदत कधी संपते ती तारीख मात्र आजच लिहून ठेवा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.